हात नुसते ठेवलेली म्हातारी

आमच्या शाळेतल्या गोष्ट सांगण्याच्या स्पर्धेत हावभावांना वेगळे गुण असत. पाठांतर, उच्चार आणि आवाज यांत बहुतेक मुलं सारखीच उतरत, त्यामुळे निकाल लागायचा तो हावभावांवर. आणि सोलापुरात आमच्या भागात हावभाव बसवून घ्यावेत ते माझ्याकडून, असं माझ्याबद्दल बोललं जायचं. दुसऱ्या शाळांतले गुरुजीसुद्धा स्पर्धेआधी आपली मुलं माझ्याकडे पाठवत. मी मुलांना ओळीत उभं करायचो. दुःख म्हटलं की उजवा हात कपाळावर. राग म्हटलं की दोन्ही हात कमरेवर. विचार म्हटलं की बोट गालाला. भीती म्हटलं की तळवे छातीशी आणि एक पाऊल मागे. कवायत असते तशीच ही कवायत, फक्त तोंडात शिट्टी नसायची.

हे मी कुठून शिकलो तेही सांगायला हवं. माझं बालपण मंद्रूपकडचं, घरात बोली कानडी. मराठी शाळेत घातलं तेव्हा शब्द तोंडात यायचे नाहीत, आले तर उलटेसुलटे यायचे, आणि पोरं हसायची. एका गुरुजींनी मला हात कसे हलवायचे ते शिकवलं. एकदा वर्गासमोर गोष्ट सांगताना मी शब्द विसरलो आणि नुसता हात कपाळावर नेला. वर्ग गप्प झाला. त्या दिवसापासून माझी अशी समजूत झाली, की ज्याला भाषा येत नाही त्याला हात तारतात. ती समजूत घेऊन मी नोकरीभर मुलांना शिकवलं. माझ्या हेतूत खोट नव्हती, एवढंच म्हणता येईल.

माझ्याकडे बहुतेक वेळा दुसरी इयत्ता असायची. वर्गात यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुलं होती, विडी वळणाऱ्या बायांची होती, रिक्षावाल्यांची होती. घरी कोणी तेलुगू बोलायचं, कोणी कानडी, कोणी दखनी. शाळेत सगळ्यांची मिळून एक मराठी तयार व्हायची. एकदा जूनमध्ये पाऊस नव्हता, वीज नव्हती आणि पुस्तकं अजून आली नव्हती, तेव्हा वेळ काढायला मी मुलांना विचारलं, की घरी कोणी रागावलंय हे तुम्हाला कसं कळतं? मला वाटलं होतं, सगळे कमरेवर हात ठेवतील. पण मी "घरी" म्हणालो होतो ना. एक मुलगा म्हणाला, आमचे अब्बा शिट्टी वाजवायची थांबतात. एक म्हणाली, आजी माझं पूर्ण नाव घेते, आडनावासकट. एकानं सांगितलं, बाबा जेवताना पाणी मागत नाहीत, स्वतः उठून घेतात. "राग" हा शब्द कोणीच वापरला नाही. मी पुन्हा विचारलं, म्हणजे त्यांना राग येतो ना? तर मुलांना माझाच प्रश्न समजेना. पाणी स्वतः उठून घेतलं म्हणजे झालं की, अजून काय पाहिजे, असा त्यांचा चेहरा.

आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, की लहान मूल शरीर आणि मन अशी दोन खाती उघडतच नाही. त्याला पाऊल दिसतं, मान दिसते, ताटलीत थांबलेला हात दिसतो, आणि तेच त्याला पुरतं. तिसरी-चौथीत गेलं की तेच मूल "त्याचा चेहरा रागाने लालबुंद झाला" असं लिहायला लागतं, आणि आम्ही त्याला शाबासकी देतो. खरं म्हणजे त्यानं आयुष्यात एकही लालबुंद चेहरा पाहिलेला नसतो. पण तेव्हा मी असा विचार केला नाही. तेव्हा मी त्या उत्तरांवर हसलो आणि फळा पुसला.

त्याच वर्गात ती मुलगी होती, जिच्यासाठी हे लिहितो आहे. तिचं नाव मला पक्कं आठवतं. ते इथे का घातलं नाही, ते पुढे येईलच. ती तेलुगू बोलणाऱ्या घरातली. आई विड्या वळायची. माझी स्वतःची लेकही त्याच वर्गात होती. मास्तरांची मुलं मास्तरांच्याच शाळेत, असे ते दिवस होते.

शनिवारी शेवटच्या तासाला मुलं गोष्टी सांगत. ही मुलगी एका शनिवारी उठली आणि तिनं कोणत्याच पुस्तकात नसलेली गोष्ट सांगितली. एका म्हातारीची शेळी हरवली. गावातले लोक येऊन विचारतात, म्हातारे, रडतेस का? म्हातारी म्हणते, नाही. मग मी मध्येच मुलीला विचारलं, की म्हातारीला वाईट वाटलं का?

ती म्हणाली, "म्हातारी काय बोललीच नाही की सर. हात असं नुसतं ठेवली."

आणि तिनं दाखवलं. खाली बसली, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, बोटं जराशी वाकलेली. बाकी काही केलं नाही. कपाळावर हात नाही, मान खाली नाही. पुढे गोष्टीत शेळी आपली आपणच परत येते आणि दारात उभी राहते. म्हातारी तिला बोलत नाही, कुरवाळत नाही. उंबऱ्यावर पसरलेला पाय तेवढा बाजूला घेते, शेळीला आत जायला वाट व्हावी म्हणून. संपली गोष्ट.

विडी वळणारी बाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. तिच्या मांडीवर सूप असतं, त्यात कापलेलं पान आणि तंबाखू, आणि तिचे हात दिवसभर त्या सुपात. ती कोणाशी बोलते, पोराला दटावते, शेजारणीला हसते, पण हात सुटे नसतात. जे काही दाखवायचं ते हनुवटीनं, भुवईनं, पायाच्या अंगठ्यानं. अशा घरातल्या पोरीला हलणारा हात म्हणजे रोजचा हात. थांबलेला हात म्हणजे घरात काहीतरी झालेलं आहे. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा समजली नाही असं मी म्हणणार नाही. समजली. म्हणूनच तर पुढचं घडलं.

स्पर्धा जवळ आली होती. त्या गोष्टीला बक्षीस मिळणार, हे मला दिसत होतं. पण त्या मुलीला मिळेल असं दिसत नव्हतं. तिचं मराठी आडवंतिडवं, आणि हावभावांच्या नावानं शून्य. मी तिच्याकडून काही दिवस करून घ्यायचा प्रयत्न केला. हात वर जाईनात. मग मी ती गोष्ट माझ्या लेकीला दिली.

चोरली असं मला तेव्हा वाटलं नाही. वर्गात सांगितलेली गोष्ट सगळ्या वर्गाची, असं मी मनाशी म्हटलं. लेकीचे उच्चार स्वच्छ होते. गोष्टीतल्या म्हातारीला मी जांभळं लुगडं नेसवलं, शेळीच्या गळ्यात घंटा बांधली, आणि शेवट बदलला. पाय बाजूला घेण्यात परीक्षकांना काय दिसणार? म्हणून माझ्या गोष्टीत म्हातारी शेळीच्या गळ्याला मिठी मारते, डोळे पुसते आणि प्रेमाची महती सांगते. मधलं ते हात नुसते ठेवणं मात्र मी जसंच्या तसं राहू दिलं. ते काढायचा धीर झाला नाही.

स्पर्धेला सगळा वर्ग खाली सतरंजीवर बसला होता, ती मुलगीसुद्धा. माझ्या लेकीनं हात मांडीवर उताणे ठेवले तेव्हा परीक्षकांतल्या एक बाई पुढे झुकल्या. पहिला नंबर आला. नंतर त्या बाईंनी मला विचारलं, ही गोष्ट कुणाची? लेक माझा हात धरून शेजारी उभी होती.

मी म्हणालो, "तिची स्वतःचीच आहे. घरी बसून रचते असं काहीबाही."

लेकीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्या बाईंकडे पाहिलं आणि हसली. सात वर्षांच्या मुलीनं काय करावं? बाप म्हणतोय म्हणजे असेल.

ती दुसरी मुलगी त्यानंतर शनिवारी गोष्ट सांगायला उठली नाही. मी नाव घेतलं तर उभी राहायची, आठवत नाही म्हणायची आणि बसायची. शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला तेव्हा मी सांगितलं, की पोरगी बुजरी आहे, तिला समोर उभं राहायचीच भीती वाटते. हे दुसरं खोटं. वर्षाच्या शेवटी तिच्या आईलाही मी तेच सांगितलं. ती माऊली पदर सावरत व्हय व्हय म्हणाली आणि गेली.

आमच्या घरात मात्र ती शेळी मोठी होत गेली. पाहुणे आले की लेकीला गोष्ट सांगायला लावायची. बायकोला खरं काय ते ठाऊक होतं. ती त्या वेळी चहा टाकायला म्हणून उठायची आणि गोष्ट संपेपर्यंत परत यायची नाही. तिनं मला एकदाही टोकलं नाही, आणि मीही कधी विषय काढला नाही. ती गेली तेव्हा हे जाणणारा मी एकटाच उरलो.

लेक मोठी झाली आणि लहान मुलांचीच शिक्षिका झाली. माझ्यासारखी नाही, चांगली. मुलं गोष्ट सांगताना हातापायांनी काय बोलतात, गोष्टीतल्या माणसाचं मन कशावरून ओळखतात, हा तिच्या आवडीचा विषय. बालवाडीच्या ताई तिला बोलवतात, ती त्यांच्यासमोर तास तास बोलते. आणि प्रत्येक वेळी सुरुवात एकच. मी सात वर्षांची असताना एक गोष्ट रचली होती. त्यातली म्हातारी रडत नाही, हात नुसते ठेवते. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. मुलांना हे शिकवावं लागत नाही. मी पहिल्या रांगेत बसून हे अनेकदा ऐकलं आहे. प्रत्येक वेळी वाटायचं, आज घरी गेल्यावर सांगू.

यंदा तिला एका मोठ्या मेळाव्यात बोलायचं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या घरी सराव करत होती. जावई बाहेरगावी, म्हणून नातही बरोबर होती. नात आहे बालवाडीतली, आणि बालवाडीतलं मूल घरात असलं की काही लपवता येत नाही. लेकीनं म्हातारीची गोष्ट सुरू केली तशी नात तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "आई, तू ही गोष्ट सांगितलीस की आजोबा चावतात."

लेकीला वाटलं काहीतरी गंमत आहे. काय चावतात, म्हणून तिनं विचारलं.

"काहीच नाही. तोंडात काहीच नसतं. तरी चावतात."

लेकीनं मास्तरणीच्या सवयीनं पुढचा प्रश्न विचारला, की मग आजोबांना काय वाटत असेल? नातीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्यांना आत जायचंय," ती म्हणाली. "पाय आतच गेलेत."

मी खाली पाहिलं. खुर्चीत समोर तोंड करून बसलो होतो, पण दोन्ही पावलं आतल्या खोलीकडे वळलेली होती. लेक हसली आणि मग हसायची थांबली. म्हणाली, "काय झालं आप्पा?"

मी सांगितलं. शनिवार, ती मुलगी, तिचं सुपाचं घर, गोष्टीचा खरा शेवट, स्पर्धा, त्या बाईंचा प्रश्न आणि माझं उत्तर. लेकीनं आधी मानलंच नाही. तिला ती गोष्ट रचल्याचं आठवत होतं. मला ती म्हातारी डोळ्यांसमोर दिसायची, म्हणाली, जांभळं लुगडं नेसलेली. मी म्हणालो, जांभळं लुगडं मी दिलं होतं, ते तुझ्या आजीचं. मग ती म्हणाली, शेळीच्या घंटेचा आवाज मी कल्पनेनं ऐकला होता. घंटाही मीच बांधली होती. असं एकेक करत मी तिच्या आठवणीतली वस्तू उचलत गेलो आणि ती बघत राहिली.

"पुरे," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला कसं कळणार होतं हे? माझ्या घरात कोणाच्या मांडीवर सूप होतं?"

आणि दारापाशी चपला घालताना तिनं विचारलं, "हे तुम्ही कुणाला बरं वाटावं म्हणून सांगितलंत, आप्पा? तिला, मला, का तुम्हाला?"

आजही मला वाटतं, की खरं सांगण्यात माझा स्वार्थ होताच. मी म्हातारा झालो होतो आणि हे माझ्याबरोबर जाणार होतं. ते हलकं करायला मी माझ्या लेकीच्या पायाखालची फरशी काढली. ती सातव्या वर्षापासून ज्या वाक्यावर उभी राहून बोलत होती ते वाक्य खोटं निघालं, आणि ते तिनं नव्हे तर मी बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी मेळाव्याला मी गेलो नाही. येऊ नका, असा तिचा निरोप आला. ती बोलली, पण म्हातारी वगळून. तिच्याबरोबरच्या एका ताई मला नव्या पेठेत भेटल्या, त्या म्हणाल्या, सर, यंदा ताईंनी गोष्ट सांगितली नाही, तब्येत बरी नव्हती का? मी व्हय म्हटलं आणि गर्दीत पुढे निघालो. हे तिसरं खोटं, पण ते लहान.

मग लेक नातीला दारात सोडून जाऊ लागली. आत यायची नाही. पाणी विचारलं तर नको म्हणायची. नात रोज मला बातमी द्यायची, की आईनं आज स्कूटी बंदच केली नाही, चालू ठेवूनच मला उतरवलं. तिला यात दुःख दिसत नव्हतं, नुसती स्कूटी दिसत होती, आणि तीच खरी बातमी होती.

असे बरेच दिवस गेले. एका रविवारी स्कूटी बंद झाली. लेक आत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तिचं घर कुठं होतं?"

ते कुटुंब पुढे सोलापूरबाहेर कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत राहायला गेलं, एवढं मला माहीत होतं. निवृत्त झाल्यावर एकदा मी तिथवर जाऊन रस्त्यावरूनच परत आलो होतो. लेकीच्या मागे स्कूटीवर बसून गेलो. तिथे घरं एकसारखी, आणि मला नाव सांगून विचारत हिंडावं लागलं. पण आई सापडली. फार थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं, विड्या आता वळवत नाहीत. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "मास्तर व्हय. बसा की." मुलगी तेलंगणात दिली, तिकडे ब्लाउज शिवते, असं कळलं. लेकीनं तिच्याशी बोलायचं आहे म्हटल्यावर म्हातारीनं फोनच लेकीच्या हातात दिला. पहिला फोटो तिचाच हाय, त्यावर दाबा.

फोनवर आधी मशीनचा आवाज आला, मग तिचा. मी ओळख दिली. ती म्हणाली, "अगं बाई, सर? कसं काय सर?" मराठी जरा गंजलेलं, पण सोलापूरचंच. मी वेळ न लावता सांगून टाकलं, की तुझी शेळीची गोष्ट मी माझ्या मुलीला दिली होती, आणि लोकांना सांगितलं की तिनंच रचली.

"मला माहीत होतं की," ती म्हणाली. "मी तिथंच खाली बसलेली."

मग ती हसली. "मला दुसरंच आठवतंय सर. तुम्ही माझे हात धरून वर ठेवायचे. हात बोलले पाहिजेत म्हणायचे. सोडले की खाली यायचे, परत तुम्ही वर ठेवायचे. सगळी पोरं हसायची. मी घरी आईला करून दाखवलं, तर आई म्हणाली, हात वर केले तर विड्या मास्तर वळणार का?"

इथे शेजारी बसलेली तिची आईही हसली. तिला फोन ऐकू येत होता. मी हसू शकलो नाही. कारण हे मला आठवतच नव्हतं. गोष्ट दिल्याचं, खोटं बोलल्याचं, सगळं मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि त्या पोरीचे हात धरून मी वर्गासमोर वर ठेवत होतो, हे माझ्या हिशेबातच नव्हतं. "प्रयत्न केला" असं मी वर लिहिलं आहे. तो प्रयत्न म्हणजे हे.

ती पुढे म्हणाली, की मी काही रागावले नव्हते सर. मला वाटलं, गोष्ट बरी हाय, पण मी बरी नाही. म्हणून मग नाही सांगितली परत कुणाला.

हे ती अगदी साध्या आवाजात बोलली, कापड मोजताना बोलावं तसं. माझी लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती फोनजवळ आली. मी ती गोष्ट सांगायची बंद केली आहे, म्हणाली. आप्पांनी शेवट बदलला होता, हेही मला आताच कळलं. तुमच्या तोंडून मला ती कधी नीट ऐकताच आली नाही. वर्गात ऐकली असेन, पण तीसुद्धा पुसली गेली. तुम्ही सांगाल का मला?

"आता?" ती म्हणाली. "आता हितं गिऱ्हाईक बसलंय माझं. संध्याकाळी करते फोन." आणि ठेवता ठेवता म्हणाली, "कुठं सांगितलं तर माझं नाव नका घालू हं. माझी पोरगी कॉलेजात हाय. हसंल मला."

तिचं नाव इथे नाही ते यामुळे. तिला न विचारता मी तिची गोष्ट एकदा घेतली; आता विचारून ती नको म्हणाली आहे.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लेकीला वाटलं, आता येणार नाही, आणि का यावा? पण आठवडा उलटून गेल्यावर आला, दिसणारा फोन. लेकीनं तो माझ्या घरच्या स्वयंपाकघरात डब्याला टेकवून ठेवला आणि नातीला मांडीवर घेऊन समोर बसली. मला कोणी बोलावलं नाही. मी दाराआड उभा राहिलो. पडद्यावर ती बाई ब्लाउजला हुक लावत होती. तिनंही फोन कशाला तरी टेकवला होता. सुई आत-बाहेर करत ती सांगत होती. मधेमधे तेलुगू शब्द येत होता, मग थांबून मराठी शोधत होती. ती गोष्ट आता जरा लांबली होती. शेळी कुठे कुठे फिरली तेही त्यात आलं होतं, एका बाजारात तिला कोणी केळीची सालं दिली, असलं काहीबाही. बहुधा ती त्याच वेळी रचत होती.

शेळी दारात येऊन उभी राहिली, तिथे ती थांबली. दातानं दोरा तोडला आणि नातीला विचारलं, "मग म्हातारी काय केली असंल?"

लेकीला उत्तर ठाऊक होतं, पण तिनं ते नातीवर सोडलं. नात तिच्या मांडीवरून उतरली. फोनसमोर फरशीवर बसली. थोडा वेळ काहीच केलं नाही. मग मान फोनकडेच ठेवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकदा दाराकडे पाहिलं आणि लगेच समोर पाहिलं.

"व्हय," पडद्यावरची बाई म्हणाली. "असंच केली." उंबऱ्यावरच्या पायाचं तिनं नावही काढलं नाही.

लेकीनं तिला विचारलं, की हे मी माझ्या वर्गातल्या मुलांना सांगू का, दुसरीतल्या एका मुलीची गोष्ट म्हणून? ती म्हणाली, सांगा की. तुम्ही आधी सांगतच होता ना. यात टोमणा होता का, ते मला आवाजावरून कळलं नाही, आणि मधे लेक आल्यानं दाराआडून आता तिचा चेहरा दिसत नव्हता. लेकीला तो दिसत होता. तिनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "हो. सांगत होते."

आता लेक तासाची सुरुवात वेगळी करते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, असं म्हणते. मी पहिल्या रांगेत जात नाही. बोलवत नाही ती, आणि तिनं बोलवावं असं मलाही वाटत नाही. स्कूटी मात्र दारात बंद होते, आणि परवा तिनं आत येऊन पाणी मागितलं.